नामदार गोखले आणि पुढच्या माणसाचा शोध

पुण्यात शिकत असाल तर एफसी रोडवर तुमचं जाणं-येणं रोजचंच असेल. बाहेरगावचे असाल तरी पुण्याला आल्यावर एखादी चक्कर झालीच असेल. त्या रस्त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? मला तरी इंटर्नशिप सुरू होईपर्यंत माहीत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात गोखले दोन ओळींत संपतात. मवाळ पक्षाचे नेते आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू. परीक्षेला तेवढं पुरतं.

मग आज त्यांच्याबद्दल का लिहितेय? कारण एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मी त्यांच्यापर्यंत पोचले. प्रश्न तुमच्याही ओळखीचा असेल.

सेकंड इयरला असताना आमचा एक ग्रुप होता. दर शनिवारी एका वस्तीत जाऊन आम्ही मुलांचा अभ्यास घ्यायचो. एक सिनिअर दादा सगळं बघायचा. वर्ग भरायचा त्या खोलीची चावी त्याच्याकडे, पालकांचे नंबर त्याच्याकडे, वह्या स्वस्तात देणारा दुकानदारही त्याच्याच ओळखीचा. दादाला नोकरी लागली आणि तो बेंगळुरूला गेला. पहिल्या शनिवारी आम्ही नऊ जण गेलो, दुसऱ्या शनिवारी चार. दिवाळीनंतर कुणीच गेलं नाही. आमच्यात भांडण झालं नव्हतं, पैसेही संपले नव्हते. आता कुणी बघायचं, हे फक्त ठरलं नव्हतं. मुलं मात्र त्यानंतरही काही शनिवार त्या खोलीबाहेर येऊन थांबायची, हे मला खूप उशिरा कळलं. अजूनही आठवलं की कसंतरी होतं.

मोठ्या एनजीओंमध्येही हेच होतं. चांगला माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही आणि टिकला तर त्याच्यानंतर कोण, हे कुणी ठरवत नाही. गोखल्यांनी आयुष्यातली जवळजवळ तीस वर्षं या एका अडचणीशी झगडण्यात घालवली. काही गोष्टी त्यांना जमल्या, काही नाही. दोन्ही तुम्हाला सांगते.

आठ रुपयांत महिना

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866चा. गाव कोतळूक, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. 1879 साली ते वारले तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. मोठा भाऊ गोविंद स्वतः शिकत होता. त्यानं शिक्षण सोडलं आणि महिना 15 रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो दर महिन्याला धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवायचा. निम्म्याहून जास्त पगार!

त्या काळातली एक आठवण त्यांच्या चरित्रांत सांगतात. एका मित्रानं गोपाळला नाटकाला नेलं. गोपाळला वाटलं, तो आपल्याला प्रेमानं नेतोय. नंतर मित्रानं तिकिटाचे दोन आणे मागितले. आठ रुपयांत ते बसवायचे कसे? मग गोपाळनं दिव्याच्या तेलात काटकसर केली आणि काही दिवस रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला. आपण ग्रुपवर बिल वाटून घेतो तेव्हा एखादा गप्प बसतो ना? तो गोपाळ.

कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबईचं एल्फिन्स्टन असं फिरत 1884 मध्ये ते बी.ए. झाले. वय 18. त्या काळात बी.ए. म्हणजे काय, हे लक्षात घ्या. सरकारी नोकरी हात जोडून उभी असायची, वकिलीत तर त्याहून जास्त पैसा. ज्या भावानं शिक्षण सोडलं होतं, त्याच्या घराला त्या पैशाची गरजही होती. गोखल्यांनी कायद्याचा अभ्यास सुरूही केला होता.

पण 1885च्या जानेवारीत ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर म्हणून लागले. पगार 35 रुपये. ही शाळा विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या मित्रांनी 1880 मध्ये काढलेली. पुढे आगरकरही त्यांना येऊन मिळाले. 1884 मध्ये या मंडळींनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू केलं. तरुण मास्तर हुशार आहे, हे टिळक-आगरकरांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी गोखल्यांना सोसायटीचं आजीव सभासद व्हायची गळ घातली. 1886 मध्ये गोखले आजीव सभासद झाले.

आजीव सभासद म्हणजे काय? वीस वर्षं संस्थेत शिकवायचं आणि पुढे महिना 75 रुपये झाले, त्याच्यावर अपेक्षा ठेवायची नाही. विसाव्या वर्षी माणूस वीस वर्षांची सही करतो, हे मला वाचूनच धडकी भरली. आपण तीन महिन्यांच्या इंटर्नशिपच्या बाँडवर सही करताना दहा जणांना विचारतो.

संस्था फुटते ती कशावरून?

शाळेच्या इतिहासात आपण वाचतो की टिळक आणि आगरकर यांच्यात आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, यावरून वाद होता. ते खरंच आहे. पण सोसायटीच्या आतला वाद आणखी एका साध्या गोष्टीवरून होता, आणि ती कुठल्याही संस्थेत आजही होते. पगार, वेळ आणि बाहेरची कामं.

टिळकांचं म्हणणं होतं की आजीव सभासदानं आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा. बाहेरून वेगळी मिळकत करू नये. जेझुइट पाद्री जसे सगळं सोडून शाळा चालवतात, तसं. आगरकर आणि इतरांचं म्हणणं होतं की सभासदांना घरदार आहे, दुखणी-बाणी आहेत. एवढ्या पैशांत भागत नसेल तर संस्थेनं विचार करावा, नाहीतर रिकाम्या वेळात दुसरं काम करू द्यावं. दोघंही प्रामाणिक होते. दोघंही गरिबीत राहत होते. अडचण अशी झाली की सुरुवातीला उत्साहाच्या भरात यातलं फारसं काही स्पष्ट ठरलंच नव्हतं.

आणि शेवटची ठिणगी कोणामुळे पडली? गोखल्यांमुळे. 1890 मध्ये त्यांनी पुणे सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं. टिळकांना हे नियमाबाहेरचं वाटलं. त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. स्वतः उभी केलेली संस्था त्यांनी सोडली.

तुम्ही टिळकांच्या बाजूचे असा किंवा आगरकरांच्या, नुकसान कॉलेजचं झालं. टिळक गणित शिकवायचे. आता गणित कोण शिकवणार? काही काळ हे काम गोखल्यांनी स्वतः अंगावर घेतलं. त्यांची पदवी कला शाखेची असली तरी गणित चांगलं होतं. अंकगणितावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक पुढे शाळांमध्ये खूप चाललं. पण तासाला उभं राहून वेळ मारून नेणं म्हणजे जागा भरणं नव्हे, हे त्यांना कळत होतं.

एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांच्याबरोबर एक विद्यार्थी होता, वयानं आठ वर्षांनी मोठा. अबोल, हट्टी, गणितात पक्का. तो मुंबईत शाळांमधून शिकवून पोट भरत होता. गोखल्यांनी त्याला बोलावून घेतलं. 1891 मध्ये तो फर्ग्युसनला आला. त्याचं नाव धोंडो केशव कर्वे. हो, तेच महर्षी कर्वे! विधवांसाठी आश्रम, हिंगण्याची संस्था, 1916चं महिला विद्यापीठ हे सगळं नंतरचं. गोखल्यांनी त्यांना बोलावलं ते फक्त गणिताच्या तासासाठी. पण पुण्यात आल्यामुळे आणि पाठीशी कॉलेजची नोकरी असल्यामुळे कर्व्यांना पुढचं काम उभं करता आलं.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गोखल्यांनी जाहिरात देऊन वाट बघितली नाही. आपल्या ओळखीतला कोण माणूस कशात चांगला आहे, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. म्हणून गरज पडली तेव्हा कुणाला विचारायचं, हा प्रश्न पडला नाही.

गुरू मिळाला, मग चूकही झाली

गोखल्यांना स्वतःला घडवलं ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम गोखल्यांकडे होतं आणि त्यासाठी रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घ्यायचे, आकडे तपासून घ्यायचे, मसुदे पुन्हा पुन्हा लिहायला लावायचे. हे वर्ष-सहा महिन्यांचं ट्रेनिंग नव्हतं. 1901च्या जानेवारीत रानडे गेले, तोपर्यंत म्हणजे बारा-तेरा वर्षं हे चाललं. पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोखले अर्थसंकल्पावर उभे राहिले की समोरचे इंग्रज अधिकारी सावध होऊन बसायचे. त्याची तयारी पुण्यात अशी झाली होती.

1897 मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले. वय 31. साक्ष उत्तम झाली. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता आणि घरोघरी तपासणीला गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या फिरत होत्या. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रं गोखल्यांना पुण्याहून आली. त्यांनी ती माहिती इंग्लंडमध्ये जाहीरपणे मांडली. मोठी खळबळ झाली. सरकारनं पुरावा मागितला. परत आल्यावर पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार होईनात. गोखल्यांनी त्यांची नावं उघड केली नाहीत. आरोप सिद्ध करता येत नाहीत म्हणून त्यांनी जाहीर माफी मागितली.

त्यानंतर त्यांच्यावर जी टीका झाली, ती आजच्या ट्रोलिंगपेक्षा कमी नव्हती. भित्रा, लाचार, सगळं म्हणून झालं. काँग्रेसच्या अधिवेशनातही लोक त्यांच्यावर नाराज होते. एखादा तरुण इथेच कायमचा संपला असता. पण रानड्यांनी त्यांना सोडलं नाही. कॉलेजनंही नाही. गोखले पुण्यात प्लेगच्या मदतकार्याला लागले आणि खाली मान घालून काम करत राहिले. दोन वर्षांनी, 1899 मध्ये, ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. 1902 पासून ते वरिष्ठ कायदेमंडळात होते. नामदार ही उपाधी त्यांना तिथून लागली.

चांगली माणसं टिकत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं हे प्रकरण वाचायला हवं. आपण नेता निवडताना खूप विचार करतो. पण त्याच्या पहिल्या मोठ्या चुकीनंतर त्याच्यासोबत कोण उभं राहणार, याचा विचार करत नाही. माणूस टिकतो की जातो, ते बऱ्याचदा त्या आठवड्यात ठरतं.

1902 मध्ये गोखले फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. त्याच वर्षी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे इंग्लंडहून परतून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले होते. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत 1899 मध्ये ते सीनियर रँग्लर, म्हणजे सर्वांत वरचे, आले होते. त्यांना कुठेही मोठ्या पगाराची नोकरी मिळाली असती. ते आले आजीव सभासदाच्या त्याच तुटपुंज्या पगारावर. कारण ते याच कॉलेजचे विद्यार्थी होते आणि ही परंपरा त्यांनी जवळून बघितली होती. पुढचा माणूस कॉलेजनं आपल्याच वर्गातून तयार केला होता.

टेकडीवरचे चौघे

आता खरी गोष्ट सुरू होते. गोखल्यांच्या लक्षात आलं होतं की देशाची कामं फावल्या वेळात होत नाहीत. वकील कोर्ट सुटल्यावर सभेला यायचे, डॉक्टर दवाखाना बंद करून यायचे आणि डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं की पुढचं वर्षभर सामसूम. पूर्ण वेळ हेच काम करणारी, त्याचा अभ्यास केलेली माणसं हवीत. अशी माणसं आपोआप येतील ही आशा त्यांनी सोडली आणि त्यांना तयार करणारी संस्थाच काढायचं ठरवलं.

12 जून 1905. फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर सकाळी चार जण जमले, सोबत काही ज्येष्ठ मंडळी. गोखल्यांनी आधी स्वतः शपथ घेतली आणि मग तिघांना दिली. गोपाळ कृष्ण देवधर, नटेश अप्पाजी द्रविड आणि अनंत विनायक पटवर्धन. संस्थेचं नाव सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज. त्याच वर्षाच्या शेवटी गोखले बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, देशभर गाजले. पण हे टेकडीवरचं काम ते जास्त महत्त्वाचं मानत होते.

शपथा सात होत्या. देशाला मनात पहिलं स्थान द्यायचं. देशसेवेतून स्वतःचा फायदा बघायचा नाही. जात-धर्म न बघता सगळ्या भारतीयांना भावंडं मानायचं. संस्था आपल्या आणि कुटुंबाच्या गरजेपुरती जी सोय करील तिच्यात समाधान मानायचं, स्वतःसाठी वेगळा पैसा मिळवायचा नाही. खासगी आयुष्य स्वच्छ ठेवायचं. कुणाशीही वैयक्तिक भांडण करायचं नाही. आणि संस्थेचा हेतू कायम डोळ्यांसमोर ठेवायचा.

चौथी आणि सहावी शपथ पुन्हा वाचा. 1890 मध्ये सोसायटी कशावरून फुटली होती? बाहेरच्या मिळकतीवरून आणि आपसातल्या भांडणांवरून. त्या वादात गोखले स्वतः एक पक्ष होते. पंधरा वर्षांनी स्वतःची संस्था काढताना त्यांनी हे दोन्ही मुद्दे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून टाकले. मिळकतीच्या बाबतीत तर त्यांनी टिळकांचंच म्हणणं घेतलं, पण त्याला आगरकरांचं म्हणणंही जोडलं. सभासद बाहेर कमावणार नाही, पण त्याच्या कुटुंबाची काळजी संस्था घेईल. दोघांच्या भांडणातून त्यांनी दोघांचंही घेतलं.

यानंतरची अट आपल्याला जड जाईल. नव्या सभासदाला पाच वर्षं उमेदवारी करायची. त्यातला काही काळ पुण्यात राहून अभ्यास करायचा. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, सरकारी अहवाल. काही काळ देशभर प्रवास करायचा, लोक बघायचे. आणि या काळात परवानगीशिवाय जाहीर भाषण नाही, लिखाण नाही. विचार करा, ग्रुपमध्ये आल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण रील टाकतो. इथे पाच वर्षं आधी ऐकायचं होतं.

कोण येणार होतं अशा ठिकाणी? तरी आले. 1907 मध्ये मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातल्या हिंदू हायस्कूलचे हेडमास्तर व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री नोकरी सोडून आले. ते गोखल्यांपेक्षा फक्त तीन वर्षांनी लहान होते. 1909 मध्ये नारायण मल्हार जोशी आले, शाळामास्तर. त्याच वर्षी उत्तरेतून हृदयनाथ कुंझरू आले. वय किती? बाविशीच्या आसपास, म्हणजे माझ्याएवढं. 1914 मध्ये अमृतलाल ठक्कर आले. मुंबई महापालिकेत इंजिनिअर, वय 44. आयुष्याची घडी बसल्यावर नोकरी सोडून ते उमेदवार झाले. पुढे देश त्यांना ठक्करबाप्पा म्हणून ओळखू लागला.

ही माणसं टिकली कशी? नुसत्या शपथेवर माणूस टिकत नाही, हे गोखल्यांना 1890 नंतर नक्की माहीत होतं. मला वाटतं, त्यांनी तीन गोष्टी केल्या. घरचं किमान भागेल एवढी सोय केली, म्हणजे रोज उठून पैशाची चिंता नको. शिकायला वेळ आणि ग्रंथालय दिलं, म्हणजे माणूस कामानं रिकामा होत गेला नाही. आणि उमेदवारी संपल्यावर प्रत्येकाला आपापलं क्षेत्र निवडू दिलं. देवधरांनी रमाबाई रानड्यांबरोबर 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं करायला मदत केली. जोशींनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि 1920 मध्ये आयटक ही देशातली पहिली मोठी कामगार संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. ठक्करबाप्पा पुढे दाहोदकडे भिल्लांमध्ये जाऊन राहिले. एका खोलीत सगळ्यांना कोंडून ठेवलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

जमलं नाही ते

आता दुसरी बाजू. तीही सांगायला हवी, नाहीतर हा लेख जयंतीचं भाषण होईल.

गोखल्यांनी इतरांना काम वाटून दिलं, पण स्वतःचं कमी केलं नाही. कायदेमंडळ, काँग्रेस, लंडनच्या वाऱ्या, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक. 1911 मध्ये मांडलेलं हे विधेयक पुढच्या वर्षी मोठ्या फरकानं फेटाळलं गेलं. मग 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा आणि पाठोपाठ सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कमिशनचं काम. मधुमेह होता, हृदय थकलं होतं, डॉक्टर विश्रांती घ्यायला सांगत होते. संस्थेच्या नियमांनुसार पहिले सभासद म्हणून तिचे प्रमुख तहहयात तेच. शेवटचा शब्दही त्यांचाच. सभासद मोजकेच राहिले आणि प्रत्येक जण आधी गोखल्यांकडे बघायचा. आमच्या दादाच्या खिशात खोलीची चावी होती ना, तसंच काहीसं.

मग 1915चा जानेवारी आला. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले. आपल्यानंतर देशाचं काम नेणारा माणूस म्हणून गोखल्यांची नजर त्यांच्यावर कधीचीच होती. गांधीजींनी समाजात यावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती आणि गांधीजींचीही. फेब्रुवारीत गांधीजी पुण्याला आले. पण बाकीच्या सभासदांना शंका होती. या माणसाची कामाची रीत वेगळी, विचार वेगळे. हा आपल्या चौकटीत कसा बसणार?

गोखल्यांनी तेव्हा जे केलं, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. पहिला सभासद म्हणून दडपण आणून ते गांधीजींना आत घेऊ शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. तुम्हाला प्रवेश मिळो न मिळो, मी तुम्हाला सभासदच मानीन, असं त्यांनी गांधीजींना कळवलं. गांधीजींना आश्रम काढायचा होता, त्याच्या खर्चाचीही जबाबदारी घेतली. आणि वर्षभर देश फिरा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका, असा सल्ला दिला. 45 वर्षांच्या, आफ्रिकेत नाव कमावलेल्या माणसाला! समाजाच्या नव्या उमेदवाराला असतो तसाच हा नियम. गांधीजींनी तो पाळला.

गांधीजींच्या भेटीसाठी त्या वेळी पुण्यात एक छोटा मेळावा ठेवला होता. नुसती फळं, शेंगदाणे, खजूर. गोखल्यांची तब्येत बरी नसूनही ते हट्टानं आले आणि तिथेच त्यांना घेरी आली. काही दिवसांनी, 19 फेब्रुवारी 1915 रोजी, ते गेले. वय 48.

गांधीजी तेव्हा शांतिनिकेतनात होते. बातमी कळताच ते पुण्याला आले. गोखल्यांच्या शोकात वर्षभर अनवाणी राहायचं त्यांनी ठरवलं. समाजात येण्याबद्दल पुन्हा चर्चा झाली. सभासदांत दोन तट होते. थोड्याशा मतांनी आत जाऊन संस्थेत फूट पाडण्यापेक्षा गांधीजींनी अर्जच मागे घेतला. अध्यक्ष झाले श्रीनिवास शास्त्री.

तुम्हीच ठरवा, हे समाजाचं यश की अपयश? शतकातला सर्वांत मोठा नेता दारात आला आणि संस्थेला तो आत घेता आला नाही. हे खरंच आहे. ठरलेली चौकट माणसं टिकवते, पण चौकटीत न मावणारा माणूस तिच्यातून निसटतो. पण दुसरंही खरं आहे. संस्थापक गेल्यावर आठवड्याभरात जी संस्था भांडणात बुडाली असती, ती बुडाली नाही. ज्यांचं पटत नव्हतं, ते सन्मानानं वेगळे राहिले. सहावी शपथ कामाला आली.

हरिद्वारचा कुंभमेळा

गोखल्यांना जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. 1915च्या एप्रिलमध्ये हरिद्वारला कुंभमेळा होता, लाखो लोक. तिथे भारत सेवक समाजानं स्वयंसेवकांचं मोठं पथक पाठवलं होतं. पथकाचा प्रमुख कोण? हृदयनाथ कुंझरू, वय 27. गोखले असताना ठरलेलं काम गोखले नसताना चालू होतं. आणि त्या पथकाच्या मदतीला कोण आलं? गांधीजी, आपल्या फिनिक्सच्या मंडळींना घेऊन. या मंडळींनी शौचाच्या खड्ड्यांवर माती टाकायचं काम घेतलं. ज्या संस्थेत त्यांना जागा मिळाली नाही, तिच्याच 27 वर्षांच्या मुलाच्या पथकाला ते मदत करत होते.

शास्त्रींनंतर 1927 मध्ये देवधर अध्यक्ष झाले. टेकडीवरच्या चौघांपैकी एक. 1936 मध्ये कुंझरू झाले आणि 1978 मध्ये वारले तोपर्यंत त्या पदावर राहिले. बाविशीत आलेला मुलगा नव्वदीपर्यंत तिथेच. टिकवणं म्हणजे काय, याचं यापेक्षा वेगळं उदाहरण मला माहीत नाही. अर्थात एकच माणूस 42 वर्षं अध्यक्ष असणं, यातही तोच जुना प्रश्न लपलेला आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

हे सगळं वाचल्यावर मी एकदा बेंगळुरूच्या दादाला फोन केला. आमचा ग्रुप का बंद पडला, यावर आम्ही पहिल्यांदाच नीट बोललो. तो म्हणाला की जाण्याआधी कुणाला तरी सांगायला हवं होतं, पण कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, आम्हालाही वाटत होतं की तू सांगशील.

तुमच्या कॉलेजात एनएसएसचं युनिट असेल, नाटकाचा ग्रुप असेल, रद्दी गोळा करून वह्या देणारी चार टाळकी असतील. या आठवड्यात भेटाल तेव्हा दहा मिनिटं काढा. आज जो सगळं बघतोय, तो उद्या नसेल तर कोण बघणार, हे त्याच्या समोरच विचारा. त्या माणसाला आतापासून काय शिकवायचं, तेही ठरवा. त्यानं चूक केली तर त्याच्यामागे कोण उभं राहणार, हेसुद्धा. आणि खोलीची दुसरी चावी करून घ्या.